कुकरच्या शिट्टीसकट फुलराणी

आठवीत एकदा उशीर झाला. वर्गाच्या दारात धापा टाकत मी म्हणाले, "बाई, मी पयतच येऊन राहिली होती." 'पळत'ला मी 'पयत' म्हटलं आणि सगळा वर्ग खो-खो हसला. मराठीच्या बाई हसल्या नाहीत. "बस जागेवर, आणि मधल्या सुट्टीत मला भेट," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. कारण तेव्हा माझ्या बोलण्याची मलाच धास्ती होती. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात आई-बाबा, आजी, काका सगळे असंच बोलत. त्यात काही कमी आहे हे शाळेत येईपर्यंत माहीतच नव्हतं. त्याच वर्षी एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या कागदावर शेरा मारला होता, 'उच्चार ग्रामीण'. विषयाबद्दल, मांडणीबद्दल एक अक्षर नाही. त्यानंतर मी वर्गात हात वर करणं सोडलं होतं. बाईंच्या ते लक्षात आलं असणार.

मधल्या सुट्टीत बाईंनी पर्समधून एक कॅसेट काढली. उन्हाळ्यात त्या मुंबईला बहिणीकडे गेल्या होत्या. तिथे दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात अभिनेत्री भक्ती बर्वे यांनी 'ती फुलराणी' या नाटकातलं फुलवाल्या मंजुळेचं स्वगत म्हटलं, तेव्हा बाईंनी टीव्हीच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर धरून ते उतरवून घेतलं होतं. "स्नेहसंमेलनात तू हे करायचं," त्या म्हणाल्या. मी रडायलाच लागले. ज्या मुलीच्या बोलण्याला हसतात, तिलाच बोलण्यावरून हिणवल्या गेलेल्या मुलीचं काम द्यायचं म्हणजे काय! पण बाई ठाम होत्या.

ती कॅसेट मी किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. सुरुवातीला खरखर, मग तो आवाज. मंजुळेचा संताप आधी फुत्कारासारखा येतो, मग त्यात रडू मिसळतं, मग तिला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या मास्तराला अद्दल घडवायचे मनसुबे रचता रचता तिला स्वतःचीच गंमत वाटायला लागते, आणि पुन्हा राग. तीन-चार मिनिटांत एवढं सगळं, आणि कुठेही जोड दिसत नाही. आवाज चढवून राग दाखवणं कोणालाही जमतं. भक्ती बर्वे रागाच्या ऐन भरात आवाज खाली आणत. ते ऐकताना पाठीवरून काटा सरकायचा. आजही सरकतो.

ऐन मोक्याच्या वाक्यानंतर त्या कॅसेटमध्ये बाईंच्या बहिणीच्या कुकरची शिट्टी होती. लांबलचक. माझ्या कानात स्वगत बसलं ते त्या शिट्टीसकट. संमेलनाच्या दिवशी त्या जागेवर आले आणि मी आपोआप थांबले, शिट्टी संपेपर्यंत. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. मग पुढचं वाक्य म्हटलं आणि टाळ्या. बाई विंगेत उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, "तिथे थांबलीस ते फार बरोबर होतं." त्या थांबण्याचं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तालमींच्या काळात बाई एकदा मला पहाटे सीताबर्डीवर नेताजी मार्केटच्या फूलबाजारात घेऊन गेल्या. शेवंतीचे ढीग, ओल्या गोणपाटाचा वास, तराजू आणि भाव करणाऱ्या बाया. "फक्त ऐक," बाईंनी सांगितलं. त्या बाया माझ्या आजीसारख्याच बोलत होत्या. मी विचारलं, "बाई, मग मी मंजुळेचं आपल्याच बोलीत म्हणू का?" बाई म्हणाल्या, "शब्द पु. लं.नी लिहिलेत तेच राहतील. पण आवाजातला तोरा या बायांचा घे." हा सल्ला मला अजूनही फार मोलाचा वाटतो.

भक्ती बर्वे यांचा जन्म सांगलीचा, १९४८ सालचा. सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून त्या रंगभूमीवर आल्या, पुढे आकाशवाणी आणि मुंबई दूरदर्शनवर त्यांचा आवाज घरोघरी पोचला. १९७५ साली 'ती फुलराणी' आलं आणि मंजुळा म्हणजे भक्ती बर्वे हे समीकरणच होऊन बसलं. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून पु. लं.नी उभं केलेलं हे नाटक नटीकडून दोन भाषा मागतं, एक बाजारातली आणि एक दिवाणखान्यातली. पण खरी कसोटी त्या दोन्हींच्या मधल्या जागेत आहे, जिथे शिकवलेली भाषा जिभेवर आलेली असते पण मन अजून फुलांच्या टोपलीशीच असतं. त्या जागा भक्तीताईंनी ज्या सांभाळल्या, त्यासाठी नुसतं पाठांतर पुरत नाही, कान लागतो.

१९८३ च्या 'जाने भी दो यारो'मध्ये त्या 'खबरदार' नियतकालिकाच्या संपादिका शोभा सेन झाल्या. गोड, नेमकं, सुशिक्षित बोलणं, आणि त्या गोडव्याआडून ही बाई बिल्डरांशी सौदा करते आहे हे हळूहळू उलगडत जातं. मी तो सिनेमा कॉलेजात असताना टीव्हीवर पाहिला आणि थक्क झाले. मंजुळेला फसवतील अशा माणसांचीच भाषा त्यांनी तितक्याच सफाईने उचलली होती.

आणि मग दूरदर्शनवरच्या बहिणाबाई. असोद्याच्या, निरक्षर, शेतात राबता राबता ओव्या रचणाऱ्या बहिणाबाई चौधरींचं काम भक्ती बर्वे यांनी केलं. बहिणाबाईंची लेवा गणबोली आमच्या वऱ्हाडीची शेजारीण. माझी आजी मलकापूरकडची. ती पडद्याजवळ सरकून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हे बाई आपल्याच इकडची दिसते वं." सांगलीत जन्मलेल्या, मुंबईत काम करणाऱ्या नटीला माझ्या आजीने आपल्यात घेतलं होतं. त्यांना १९९० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण आजीच्या त्या वाक्याला माझ्या लेखी त्याहून जास्त वजन आहे.

'आई रिटायर होतेय'मधली आई, 'गांधी विरुद्ध गांधी'मधल्या कस्तुरबा, ही कामं मी वाचून आणि पाहून आलेल्यांच्या तोंडून ऐकून ओळखते. त्यांना रंगमंचावर प्रत्यक्ष पाहण्याचा योग माझ्या नशिबात आला नाही. दोनदा ठरलं, दोनदा राहिलं. एकदा परीक्षा, एकदा घरातलं आजारपण. ही खंत आहे आणि राहणार.

पुढे मी नागपूर आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषिका झाले. सिव्हिल लाइन्समधल्या त्या इमारतीत पहिल्यांदा माईकसमोर बसले तेव्हा 'उच्चार ग्रामीण' हे दोन शब्द डोळ्यांसमोर आले. मग भक्तीताईही याच वाटेने गेल्या होत्या हे आठवलं आणि आवाज स्थिर झाला. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मी वऱ्हाडीत बोलते, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात प्रमाण मराठीत. दोन्हींत मी मीच असते.

१२ फेब्रुवारी २००१. वाईहून कार्यक्रम करून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्याजवळ झालेल्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या. शफी इनामदार, त्यांचे पती, पाच वर्षांपूर्वीच गेले होते. बातमी कळली तेव्हा मी ड्युटीवर होते. घोषणा नेहमीसारख्या करायच्याच होत्या, त्या केल्या. घरी आले आणि बाईंना फोन लावला. त्याही काही बोलेनात, मीही. बराच वेळ नुसता फोन धरून होतो.

बाई आता नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या ग्रंथालयाला काही तरी द्यावं असं ठरलं, तेव्हा मी ती कॅसेट घेऊन गेले. त्यातला आवाज माझ्या भाच्याने मोबाइलवर उतरवून घेतला आहे, खरखर आणि शिट्टीसकट. मूळ फीत आता वाजेल असं वाटत नाही. पण तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर बाईंचं निळ्या शाईतलं वळणदार अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं: 'फुलराणी. पुसू नये.'