तुम्ही विचारलंत म्हणून: लांबची मीटिंग

फोन बहुतेक रात्री नऊनंतर येतो. बाई असेल तर नवऱ्यासाठी विचारते, पुरुष असेल तर 'एका मित्रासाठी'. पावसापाण्याचं बोलून झालं की मूळ प्रश्न: "भाऊ, तुम्हाला ती दारू सोडायची मीटिंग सापडली कशी?"

सापडायला वेळ लागलाच नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एए संघटनेचा, नंबर बायकोने केव्हाचा कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवला होता. गोव्यात आमच्या फोंड्यापासून जवळची मीटिंग कुठे, कुठल्या वारी, किती वाजता, हे पलीकडच्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं. मी विचारलं, "याहून लांबची नाही का?"

त्यानंतर आठ महिने मी लांबची मीटिंग शोधत होतो. मडगाव नको, तिथे मेहुणा. पणजी नको, तिथे ऑफिस. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जातो म्हणालो. पुणं घाटापलीकडे आहे, एवढाच त्यात माझा रस. शेवटी म्हापसा ठरलं. आणि पिताना मात्र ही लाज कुठे असायची कोण जाणे. चैत्रात काजूची हुर्राक आली की मी दुपारपासूनच तर्र. चतुर्थीच्या आरतीतून मागच्या दाराने सटकलेलो. सगळ्या वाड्याने मला गटाराकाठी पडलेला पाहिलं होतं, फक्त मीटिंगला जाताना कोणी पाहू नये, एवढीच माझी इच्छा होती.

त्या आठ महिन्यांत एकदा मी स्वतःच्या जिद्दीवर एकदम सोडली. दुसऱ्या दिवशी हात थरथरले आणि फीट आली. तिसऱ्या रात्री भिंतभर मुंग्या दिसायला लागल्या, मी चादरीने त्या झाडत होतो. म्हणून फोन करणाऱ्याला मी आधी हेच विचारतो: रोज पितो का? सकाळी उठल्या उठल्या लागते का? मग आधी डॉक्टर. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे, तिथे जा. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो आणि औषधही नसतं. जिद्दीने दारू सोडताना माणूस दगावू शकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हापशाची खोली चर्चच्या आवारात निघाली. घरी मावशी म्हणाली, "किरिस्तांव करतील तुला." मीही पायरीवर थोडा घुटमळलो. पुढे कळलं की खोली भाड्याची, आणि हा फोनचा नि चर्चचा सिलसिला एएच्या पहिल्या दिवसापासूनचा. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्यात आपटून हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झालेले, आणि बार समोर. त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावला, कोणी दारुडा भेटेल का म्हणून! त्यातून डॉक्टर बॉब भेटला. बॉबने शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून, एएचा जन्मदिवस मानतात. म्हणजे पहिली मीटिंगसुद्धा कोणीतरी फोन करूनच शोधली.

आत प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, ग्लुकोज बिस्किटं. एकेक जण आपलं सांगतो, मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, नव्या माणसाने काही टाकायची गरज नसते. सदस्य व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा हवी. देवाचं नाव येतं, पण 'आपल्याला उमगला तसा' देव. मी मनात मंगेशाला बसवलं, कोणी हरकत घेतली नाही.

माझी पाळी आली तेव्हा मात्र घोळ झाला. जन्मभर मी मराठीत वाचलं, मराठीत लिहिलं, घरातली भजनं मराठी. दोन वाक्यं मराठीतच जुळवून गेलो होतो. उभा राहिलो आणि तोंडातून आलं, "हांव बेबदो." म्हणजे, मी दारुडा. पुढचं सगळं कोकणीतच. तुम्हाला ज्या भाषेत शिवी येते, त्या भाषेतली मीटिंग निवडा. फोनवर तेवढं विचारून घ्या. ओपन की क्लोज्ड हेही विचारा. ओपनला घरचं माणूस सोबत येऊ शकतं. बायकोसाठी अल-अनॉन, म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांची मीटिंग, वेगळी असते. माझी तिथे माझ्याआधी पोचली होती.

बसलो तेव्हा समोरच्या रांगेत एक चेहरा दिसला. आमच्याच बाजूचा. तो माझ्याकडे बघून हसला नाही, मीही नाही. मीटिंग संपल्यावर पणजीच्या स्टँडवर फोंड्याच्या बससाठी दोघेही एकाच खांबाला टेकून उभे होतो. तोही लांबची शोधत आला होता. पुढच्या आठवड्यापासून आम्ही दोघे जवळच्या मीटिंगला जायला लागलो. बसभाडं वाचलं.

आता त्या जवळच्या मीटिंगच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. खुर्च्या मांडायच्या, चहा ठेवायचा. फोनवर पत्ता, वार, वेळ सांगून झाली की पलीकडे जरा शांतता होते, आणि मग हळूच येतं, "भाऊ, तिथे आमच्या ओळखीचं कोणी नसेल ना?"

मी गाव विचारतो. गाव सांगतात. त्या गावचे दोघे येतात, एक तर पहिल्याच रांगेत बसतो. मी म्हणतो, "सातला सुरू होते. पाच मिनिटं आधी या."