तुम्ही विचारलंत म्हणून: शोपँ का नाही?

‘एवढं अवघड आणि कुणाला ठाऊकही नसलेलं का वाजवता? शोपँ का नाही?’ माझा पियानोचा कार्यक्रम संपला की हा प्रश्न येतोच. प्रेमानं विचारता, म्हणून आजवर हसून वेळ मारून नेली.

माझं ठरलेलं उत्तर: शोपँ हा सगळ्यांचा लाडका पियानो-रचनाकार, त्याला वाजवणारे पुष्कळ आहेत; पॅरिसात त्याच्याच शेजारी राहिलेल्या आल्काँ या दुर्लक्षित रचनाकाराला कोण आहे? म्हैसूरच्या महाराजांनी पैसा पुरवला म्हणून मेट्नर या रशियन रचनाकाराचं वादन ध्वनिमुद्रित झालं. कुणीतरी हट्ट धरावाच लागतो. यात खोटं काही नाही, फक्त मी जरा जास्तच उदार दिसतो.

तर ऐका. आल्काँचा एकट्या पियानोसाठीचा कॉन्चेर्टो, 1857 साली छापलेला. एरवी कॉन्चेर्टोत एका वाद्यासोबत अख्खा ऑर्केस्ट्रा असतो; इथे ऑर्केस्ट्राचा गडगडाट आणि त्याला उत्तर देणारा पियानो, दोन्ही दहाच बोटांनी. पहिला भागच जवळजवळ अर्ध्या तासाचा. मी तो पाठ वाजवत होतो. बराच पुढे गेल्यावर एक जागा आली, आधी येऊन गेलेल्या जागेसारखीच, आणि बोटं जुन्या वाटेला लागली. हात धावताहेत आणि आपण मागे चाललोय, हे कळत होतं. डाव्या हातानं नुसता ढोल बडवत ठेवला, उजव्यानं काहीबाही रचलं, चार पानं गाळली आणि ओळखीच्या ठिकाणी उतरलो. घामानं पट्ट्या निसरड्या झाल्या होत्या.

लोक उठून उभे राहिले. एक गृहस्थ म्हणाले, ‘एक सूर इकडचा तिकडे नाही!’ मी आभार मानले. सुटलो म्हणून बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. शोपँच्या ओळखीच्या रचनेत, एखाद्या बॅलेडमध्ये, हे केलं असतं, तर पियानो शिकणारं शाळकरी पोरही चपापलं असतं. त्या रात्री घरी गाळलेली चार पानं वाजवली. कुणासाठी, कोण जाणे.

विशीतला मी म्हणायचो, दुर्लक्षितांची बाजू घेतो. त्याला आता विचारतो, बाजू की आडोसा? तो चिडतो. ‘आडोशासाठी कुणी रोज सहा तास घासतं का? आल्काँ बुसोनीसारख्या थोर पियानोवादकानंही वाजवला, त्याला कुठे लपायचं होतं?’ यावर मला बोलता येत नाही. पण मी बुसोनी नाही, हेही त्याला कुणी सांगावं?

पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तोच कॉन्चेर्टो आहे, या वेळी स्वरलिपी समोर ठेवून. आणि शोपँ? वाजवतो की. घरी, खिडक्या लावून.