आजोबांचा मुंतखब

आजोबांच्या ट्रंकेत निजामाच्या काळातला इनामाचा मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी दाखला, सापडला. अक्षर मोडी असणार म्हणून मी तो घेऊन बीडहून विद्यापीठात गेलो, इतिहासाच्या सरांकडे. ते मोडी घडाघडा वाचतात. कागद पाहून हसले, "अहो, हे शिकस्ता, म्हणजे घाईघाईच्या मोडक्या वळणाचं उर्दू. माझं काम नाही, उर्दूच्या मॅडमकडं जा."

1948 पर्यंत, निजामाच्या राज्यात, आपल्या मराठवाड्याचा कारभार उर्दूत चालायचा, हे शाळेत शिकलो होतो. डोक्यात मात्र मोडीच!

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, बोट ओळीवर फिरवत वाचू लागल्या. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, जवळजवळ नाहीतच, शब्द एकमेकांत अडकलेले. मौजे, परगणा, मग पणजोबांचं नाव. तिथं मी त्यांना थांबवलं, "पुन्हा वाचा ना."

त्यांनी दोनदा वाचलं. चहाही पाजला.