तुम्ही विचारलंत म्हणून: घराण्यातला काउबॉय कसा शोधायचा?

‘सून टेक्सासची. तिचे खापरपणजोबा काउबॉय होते असं तिच्या माहेरी सांगतात. नातवंडांच्या वंशावळीत घालायचंय, पण खरं-खोटं कसं करायचं?’ अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न वरचेवर येतो. आमचं उत्तर ठरलेलं: घोड्यावरचा माणूस शोधू नका, त्याचं बिऱ्हाड शोधा.

टेक्सासमधून गुरांचे मोठे कळप लांबवर हाकत न्यायचा काळ १८६६ पासून जेमतेम वीस वर्षांचा. महिना तीस-चाळीस डॉलरवर पोरसवदा गडी दोन-चार हंगाम हे काम करत आणि मग कुठेतरी स्थिरावत. (‘गुराखी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जो येतो, तो हा नव्हे, हा पगारी घोडेस्वार.) त्या हंगामांचा कागद क्वचितच मिळतो. त्यात १८७० आणि १८८० च्या जनगणनेची तारीख १ जून, म्हणजे कळप नेमके वाटेवर असताना. तेव्हा गडी घरच्या पानावर नसेल तर घाबरू नका.

बोस आयकार्ड या कृष्णवर्णीय काउबॉयचं उदाहरण घ्या. मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्म, मालकाच्या कुटुंबाबरोबर टेक्सासात आगमन, गुलामगिरी संपल्यावर ऑलिव्हर लव्हिंग आणि चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या मालकांच्या कळपांबरोबर न्यू मेक्सिकोच्या वाटेवर. ४ जानेवारी १९२९ ला तो वारला, तेव्हा टेक्सासातल्या वेदरफर्ड गावी त्याच्या थडग्यावर गुडनाइटने ग्रॅनाइटचा दगड बसवला. दगड सांगतो: चार वर्षं माझ्याबरोबर होता, कधी कामात कुचराई केली नाही, हुकूम मोडला नाही, गुरं उधळली तेव्हा माझ्यासोबत दौडला, कोमांची या मूळनिवासी जमातीशी झालेल्या तीन चकमकींत होता. मजकूर सुंदर आहे, पण तो पगार देणाऱ्या मालकाचा आहे. बायको अँजेलिना, सहा मुलं, वेदरफर्डमधली जवळजवळ साठ वर्षं यातलं त्यात काहीच नाही. जन्मसालसुद्धा कुठे १८४३, तर कुठे १८४७ असं मिळतं.

म्हणून शेवटाकडून मागे या. टेक्सासात राज्यभर मृत्युनोंदणी १९०३ पासून. दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात, पण आधी माहिती कोणी दिली तो रकाना वाचा. मुलीने सांगितलेलं मृत्यूचं गाव भरवशाचं. आजीचं माहेरचं नाव तितकं नाही. मग १९२०, १९१०, १९०० अशी जनगणनेची पानं उलटी चाळा. १९०० चं पान सोन्यासारखं: जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती. १८९० ची पानं वॉशिंग्टनच्या १९२१ च्या आगीत जवळपास सगळी गेली. त्यामुळे १८८० नंतर जन्मून १९०० आधी लग्न करून गेलेली लेक आईबापांच्या घरी कुठल्याच पानावर दिसत नाही; तिला कौंटी (म्हणजे जिल्हा) क्लार्कच्या विवाह-नोंदवहीत गाठावं लागतं. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे १८८० पासून लिहायला लागले. १८७० च्या पानावर पुरुषाखाली बाईचं नाव दिसलं म्हणून ती बायकोच असं धरू नका, बहीणही असू शकते.

पूर्वज गुलाम असेल तर १८७० च्या मागे भिंत लागते. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं. माणसाचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. आडनाव बहुधा मालकाचं, पण शेवटच्या मालकाचंच असेल असं नाही. इथे चूक झाली की पुढची अख्खी वंशावळ परक्याची होते.

फारसं कुणी न बघणारा कागद म्हणजे कौंटीची करवही. दरवर्षी प्रत्येकाची जमीन, घोडे, गुरं आणि त्यांची किंमत तिच्यात लिहीत. भूमिहीन गड्यावरही डोईपट्टी असल्याने त्याचं नाव सापडू शकतं. ओळीने दहा वर्षं उतरवून घ्या: आधी एक घोडा, मग दोन गायी, मग चाळीस एकर. संसार उभा राहताना दिसतो. गुरांवर मालकीची खूण म्हणून उमटवलेल्या डागांची नोंदवही वेगळी असते. तिच्यात डागाचं चित्र, तो डाव्या पुठ्ठ्यावर की उजव्या, आणि कानाचा काप कसा, हे असतं. पण स्वतःचा डाग नोंदवणारा गुरांचा मालक असतो. पगारी गड्याचा डाग नाही मिळाला, तर तो काउबॉय नव्हता असं होत नाही. धंद्याच्या रकान्यातही ‘काउबॉय’ शोधत बसू नका. गुरं हाकणारा, गुरं पाळणारा, बहुतेकदा नुसतंच मजूर असं लिहिलेलं असतं.

राहिला भिंतीवरचा फोटो. रुंद टोपी, कमरेला पिस्तूल, मागे रंगवलेला पडदा. पडदा असेल तर तो स्टुडिओ, आणि टोपी-पिस्तूल फोटोवाल्याचंही असू शकतं. फोटो उलटा करून पुठ्ठ्यावर छापलेलं स्टुडिओचं नाव आणि गाव टिपून घ्या. त्या गावात तो स्टुडिओ कोणत्या वर्षांत चालू होता हे कळलं, तर खापरपणजोबा तेव्हा कुठे होते याचा एक धागा हाती येतो.