फ्रॉस्टग्रेव्ह: दहा मिनिएचर्सची टोळी उभी करतानाचा माझा अनुभव

इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम म्हणजे मिनिएचर गेम्सची, म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या गेम्सची पंढरी हे मला इथे जॉबला येईपर्यंत माहीत नव्हतं. वॉरहॅमर हा गेम काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं हेडऑफिस इथे, वॉरलॉर्ड, मँटिक, पेरी या मिनिएचर कंपन्याही याच गावात. पण वॉरहॅमरची पूर्ण आर्मी म्हणजे डझनावारी मिनिएचर्स, पैसे आणि वेळ दोन्ही बघून मी लांबच राहिलो होतो. मग घराजवळच्या दुकानात संध्याकाळी काही जण 3 बाय 3 फुटांच्या टेबलावर मोजक्या माणसांनिशी खेळताना दिसले, विचारलं तर म्हणाले बस की, आमची टोळी घे आणि खेळ.

तो गेम फ्रॉस्टग्रेव्ह, ऑस्प्रे या प्रकाशनाने 2015 ला काढलेला, आम्ही 2020 ची दुसरी आवृत्ती खेळतो. बर्फाखाली गाडलं गेलेलं जादूगारांचं शहर आता वितळतंय आणि प्रत्येक खेळाडूचा जादूगार आपली माणसं घेऊन खजिना शोधायला उतरतो. सुरुवातीला 400 सोन्याची नाणी, त्यातली 100 जादूगाराच्या शिष्याला गेली, आणि सैनिक जास्तीत जास्त 8. ठग आणि चोर फुकट मिळतात, त्यामुळे टोळी भरते पटकन. जादूच्या दहा शाखांपैकी मी चेटकिणीची घेतली, कारण धुक्याची भिंत उभी केली की समोरच्या तिरंदाजाला काही दिसतच नाही.

सैनिकांचा प्लॅस्टिक बॉक्स 20 जणांचा येतो, म्हणजे एका बॉक्समध्ये दोन टोळ्यांचे सैनिक निघतात. तुकडे फ्रेममधून क्लिपरने कापायचे, साच्याची जी बारीक रेघ राहते ती सुरीच्या पाठीने खरवडायची (हे टाळू नका, रंग दिल्यावर तीच रेघ उठून दिसते), मग प्लॅस्टिक ग्लू. प्रायमरसाठी (रंगाआधीचा अस्तराचा स्प्रे) मात्र कोरड्या दिवसाची वाट बघावी लागते, इथली हवा दमट असते आणि दमट हवेत स्प्रे मारला की चेहऱ्यावर रवाळ थर बसतो. काळा प्रायमर, वरून पांढऱ्याचा हलका फवारा, मग काँट्रास्ट पेंट, तो खाचांत आपोआप गडद होतो त्यामुळे नवख्या हातालाही शेडिंग जमतं.

सगळ्यात मजा आली ती पडकी घरं बनवताना. लहानपणी आमच्याकडे गणपतीचं थर्माकोलचं मखर घरीच व्हायचं, त्यामुळे हाताला सवय होती. थर्माकोलवर थेट स्प्रे मारला तर तो विरघळतो म्हणून आधी फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात रंग कालवून दोन हात द्यायचे, दुकानातल्यांनाही हे माहीत होतं, पण कमानी आणि नक्षी कापायची आपली पद्धत त्यांना फार आवडली आणि आता ती घरं दुकानाच्या शेल्फवरच असतात, कोणीही खेळायला घेतं.

खेळात सगळं वीस बाजूंच्या डाइसवर. दोघांनी टाकायचा, त्यात आपापल्या माणसाचा फाइट (लढण्याचा आकडा) मिळवायचा, जो जास्त तो जिंकला, आणि त्याच्या एकूण आकड्यातून हरणाऱ्याचं आर्मर (चिलखताचा आकडा) वजा करून उरेल तेवढी जखम. खजिना उचलला की चाल निम्मी होते, म्हणजे ज्याच्या हातात माल तोच सगळ्यात जास्त धोक्यात.

माझ्या चोराचं नाव बहिर्जी. एका गेममध्ये तो मधला खजिना घेऊन टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच पडला. गेम संपल्यावर पडलेल्या प्रत्येकासाठी डाइस टाकतात, 1 ते 4 आला तर मेला, 5 ते 8 आला तर पुढचा गेम बाहेर, त्याच्या वर असेल तर ठणठणीत. तो डाइस टाकताना शेजारच्या टेबलावरचे पण उठून बघायला आले, सगळ्यांना बहिर्जी माहीत झालाय. मोठ्या आर्मीत एक सैनिक पडला तर कोण विचारतो, इथे दहाच जण असतात आणि त्यांचं पुढच्या आठवड्यातही काहीतरी होणार असतं, मला या गेमचं वेड लागलं ते याच्यासाठी.

सहा आला. पुढचा गेम तो बाहेर, त्याच्या जागी एक फुकटातला ठग उभा केलाय.