कोळशाच्या मार्गावरची खडी आणि टळलेला ब्लॉक

मालगाडी घसरली की सगळे रुळाकडे बघतात. कोळशाच्या मार्गावर आधी खडी बघावी. वर्धा–बल्लारशाहसारख्या मार्गावर उघड्या वाघिणींतून भुकटी सांडत राहते, खडीच्या पोकळ्या भरतात आणि पावसाचं पाणी तिथेच तुंबतं. मग प्रत्येक चाकासरशी स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ठोकळा, खालीवर होतो आणि चिखल वर येतो.

अशा ठिकाणी टॅम्पिंग मशीन फिरवणं म्हणजे ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवून मिळालेला वेळ, वाया घालवणं. मशीन खडी स्लीपरखाली दाबून बसवतं, पण दाबायला स्वच्छ, धारदार खडी तर हवी! चिखलात दाबलेली खडी थोड्याच दिवसांत खचते. खरा उपाय डीप स्क्रीनिंगचा: स्लीपरखालची खडी पूर्ण काढून चाळायची, भुकटी बाहेर टाकायची, तूट नव्या खडीने भरून साधारण ३०० मि.मी. थर करायचा आणि बाजूची गटारं मोकळी करायची. दहा वर्षांतून एकदा तरी हे व्हायलाच हवं. पण त्याला काही तासांचा सलग ब्लॉक लागतो, आणि नंतर पहिली गाडी ताशी २० किमीनेच सोडावी लागते. पुढे टॅम्पिंग करत करत वेग वाढवायचा. वाहतूक विभागाला हे जड जातं, म्हणून कॉशन ऑर्डर, म्हणजे त्या जागी गाडी हळू चालवायचा आदेश, लावून काम पुढे ढकललं जातं. वेग कमी केल्याने खडी साफ होत नाही.

घसरण्याचा धोका रिकाम्या वाघिणीला जास्त असतो. कोळशाची उघडी वाघीण, बॉक्स-एन, भरलेली नव्वद टनांच्या आसपास, रिकामी जेमतेम बावीस. स्प्रिंगा भरलेल्या वजनासाठी बनवलेल्या, त्यामुळे रिकामेपणी फारशा दबलेल्याच नसतात. थोड्या अंतरात एक रूळ दुसऱ्यापेक्षा खाली गेला, म्हणजे ट्विस्ट आला, की त्या बाजूच्या चाकावरचा भार एकदम उतरतो. तेव्हाच वळणावर बाजूचा रेटा आला तर फ्लँज, म्हणजे चाकाची आतली कड, रुळावर चढते. वर गाडी नसताना रुळावर घेतलेलं माप इथे फसवतं. ढिल्या स्लीपरखालची पोकळी गाडीच्या वजनाखालीच कळते, म्हणून गाडी जाताना उभं राहून बघायला हवं.

काम कधीही करता येत नाही, ही खरी अडचण. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ पसरता येऊ नये असा जखडलेला असताना तापमान १ अंशाने वाढलं की एका रुळात सुमारे १.९ टन दाब येतो. ३० अंशांनी वाढलं तर ५७ टन. तो दाब रूळ स्लीपरला धरणाऱ्या क्लिपा आणि खडी मिळून पेलतात. मे महिन्याच्या दुपारी खडी काढली तर रूळ बाजूला फुगतो, पावसाळ्यात काढली तर पुन्हा चिखल. राहिले दिवाळीनंतरचे काही महिने, आणि थंडीत रूळ तडकतात म्हणून माणसं तिकडेही लागतात. हिवाळ्यातला ब्लॉक रद्द झाला की काम वर्षभर गेलं. म्हणून त्या महिन्यांत वळण, चिखल आणि ट्विस्ट एकत्र आहेत ते तुकडे आधी घ्यावेत, सरळ मार्गाचे नंतर.