अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशात विषयाच्या परीक्षांना किती वजन?

बारावीचे निकाल लागले की पुण्या-नाशिकहून फोन सुरू होतात. कुणाचा भाचा, कुणाची मैत्रिणीची मुलगी, आणि प्रश्न ठरलेला: "एमआयटीला किती मार्कांवर लागतं?" न्यू जर्सीत माझ्या मुलीच्या प्रवेशाचं वर्ष जवळून पाहिल्यावर मला या प्रश्नाचं नीट, सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. इथे कटऑफ नसतो. पण म्हणून मार्कांना किंमत नाही असं जे काही जण सांगतात, तेही खरं नाही.

कॉलेज प्रवेशासाठी सॅट ही सामायिक परीक्षा असते, आणि तिच्या जोडीला एकेका विषयाची वेगळी 'सॅट सबजेक्ट टेस्ट' असायची. तिच्याबद्दल अजूनही विचारलं जातं, पण ती परीक्षा कॉलेज बोर्डाने, म्हणजे सॅट घेणाऱ्या संस्थेने, जानेवारी २०२१ मध्ये बंद केली. अमेरिकेबाहेरच्या मुलांना त्या वर्षीच्या जूनपर्यंत ती देता आली. एका विषयाला एक तास आणि गुण ८०० पैकी. इंजिनिअरिंगकडे जाणारी मुलं साधारणपणे मॅथ लेव्हल टू आणि फिजिक्स किंवा केमिस्ट्री द्यायची. लेव्हल टूला पैकीच्या पैकी इतक्या जणांना पडायचे, की ८०० मिळवूनही पर्सेंटाइल ऐंशीच्या आसपासच यायचं! सीईटीत दशांश चिन्हापुढच्या आकड्यांसाठी रात्री जागवणाऱ्या मुलांनी यावर जरा विचार करावा. ज्या परीक्षेत वरच्या टोकाला एवढी गर्दी, तिच्यावरून मेरिट लिस्ट लावणार कशी?

हार्वर्ड विद्यापीठ प्रवेशात भेदभाव करतं, या आरोपावरून झालेल्या खटल्यात हे आकड्यांनिशी समोर आलं. त्या कागदपत्रांतल्या एका वर्षी देशातल्याच सुमारे २६,००० मुलांनी अर्ज केले होते. त्यांत ३,४०० हून अधिक जणांना सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी होते, आणि शाळेतले ग्रेड अगदी परिपूर्ण असलेली मुलं ८,००० हून जास्त. प्रवेश मिळणार होता दोन हजारांहून कमी जणांना. म्हणजे फक्त मार्कांवर निवड करायची म्हटली, तरी ती करता आली नसती.

मग मार्क बघतात कशासाठी? एमआयटीचं उदाहरण मला सगळ्यात पटतं. तिथे पुढे कुठलाही विषय घ्या, कॅल्क्युलसची दोन आणि कॅल्क्युलसवर आधारलेल्या फिजिक्सची दोन सत्रं प्रत्येकाला करावीच लागतात. मूल त्यात टिकेल का, हे त्यांना आधी कळायला हवं असतं. म्हणूनच कोविडच्या काळात सोडलेली सॅटची अट त्यांनी २०२२ मध्ये परत आणली. आणि त्याच वेळी प्रवेश विभागाने हेही स्पष्ट केलं, की तयारी पुरेशी आहे एवढं दिसलं की त्यापुढच्या मार्कांकडे आम्ही बघत नाही. ७९० चे ८०० करायला तिसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे आवर्जून वाचावं. तो वेळ मुलाने एखाद्या आवडीच्या कामात घातला तर अर्जात त्याची जास्त किंमत होते. हे माझं ठाम मत आहे.

सबजेक्ट टेस्टची जागा आता बऱ्याच अंशी एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट), म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयवार परीक्षांनी घेतली आहे. त्या मे महिन्यात होतात आणि गुण १ ते ५. येलने २०२४ मध्ये नियम केला, की सॅट किंवा तिच्यासारख्याच एसीटी परीक्षेऐवजी एपी किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) अभ्यासक्रमाचे गुण दिले तरी चालतील. मात्र एपी निवडलं तर दिलेल्या सगळ्या विषयांचे गुण दाखवायचे, चांगले तेवढे निवडून नाही. उलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी सॅट बघतच नाही. त्यामुळे "अमेरिकेत असं असतं" असं सरसकट कुणी सांगितलं, तर कुठल्या कॉलेजात आणि कुठल्या वर्षी, हे आधी विचारा.

एपीतही पाच हा आकडा सुटा वाचला जात नाही. शाळेचा काउन्सेलर अर्जासोबत शाळेची माहिती पाठवतो: इथे कुठले एपी विषय शिकवतात, ग्रेड कसे देतात. वीस एपी असलेल्या शाळेतल्या मुलाने तीन घेतले आणि चारच असलेल्या शाळेतल्या मुलीने चारही घेतले, तर दोघांचे अर्ज वेगळ्या नजरेने वाचले जातात. मला ही पद्धत न्याय्य वाटते. लातूरच्या कॉलेजातल्या मुलीला आणि मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय शाळेतल्या मुलाला एकाच फूटपट्टीने मोजू नये, असं आपल्यालाही मनातून वाटतंच ना?

आता भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी वेळेचं गणित. बऱ्याच निवडक कॉलेजांत अर्जाची शेवटची तारीख जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि निकाल मार्चअखेर लागतात. बारावीच्या मे महिन्यात दिलेल्या एपीचे गुण जुलैत येतात, तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. तेव्हा अर्जात दाखवायचे गुण अकरावीच्या मेपर्यंतच मिळवायला हवेत. भारतातही काही शाळांमध्ये ही परीक्षा देता येते आणि त्यासाठी एपीचा वर्ग केलेला असावा लागत नाही, पण नावनोंदणी आदल्या वर्षीच्या शरदातच होते. म्हणून दहावीच्या सुट्टीतच जवळच्या केंद्रावर चौकशी करून ठेवा आणि विषय दोन किंवा तीनच घ्या, जे मुलाला मनापासून आवडतात ते.